मुंगीच्या पावलांनीं येणारा रोग

दुखणें हत्तीच्या पावलांनीं येतें आणि मुंगीच्या पावलांनीं जातें, अशी आपल्याकडे म्हण आहे. हिंवतापासारख्या रोगांना ती लागू पडते. सकाळीं मैदानावर धांवणारा मुलगा संध्याकाळीं तापानें फणफणतो, आणि मग महिनाभर अंथरुणाला खिळून राहतो. परंतु एक रोग असा आहे कीं, त्यानें ही म्हण उलटी केली आहे. तो मुंगीच्या पावलांनीं येतो, वर्षानुवर्षें शरीरांत राहतो, दुखत नाहीं, खुपत नाहीं. आणि त्याचें अस्तित्व घरच्या माणसांना कळतें, तेव्हां तो हत्ती झालेला असतो. या रोगाचें नांव कर्करोग, म्हणजेच कॅन्सर.

नांव आम्हीं मुद्दाम आरंभींच सांगून टाकिलें. कारण आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत तें उच्चारलेंच जात नाहीं. "तिला तें झालें आहे," "त्याचें दुखणें मोठें आहे," असें दबल्या आवाजांत बोलतात, आणि मुलांना बाहेर खेळावयास पाठवितात. नांव घेतलें तर रोग आपल्याकडे वळून पाहील, अशीच जणूं समजूत असते. ज्या शत्रूचें नांव घेण्याचें धैर्य नाहीं, त्याच्याशीं लढावें तरी कसें? म्हणून यंदाच्या वार्षिकांत, गोष्टी आणि सहलींचीं वर्णनें यांच्या शेजारीं, या कठीण विषयाला थोडी जागा आम्हीं मागून घेतली.

या विषयाची ओळख आम्हांस प्रथम पुस्तकांतून झाली नाहीं. आमची एक मावशी पारनेर तालुक्यांत राहत असे. मोठी कामसू बाई; शेतांतलीं कामें पुरुषांच्या बरोबरीनें करी. एकदां स्नान करतांना तिच्या छातींत बोराएवढी गांठ हाताला लागली. गांठ दुखत नव्हती. दुखत नाहीं तें दाखवावयाचें कशाला, असें तिनें मनाशीं म्हटलें. शिवाय दाखवावयाचें कोणाला? नवऱ्याला सांगावयास लाज, मुलाला सांगावयास त्याहून लाज, आणि परक्या डॉक्टरांपुढें उभें राहण्याची तर कल्पनाहि तिला सहन होईना. पुढें थोरल्या मुलीचें लग्न निघालें. त्यानंतर कांदा काढणीला आला. त्यानंतर पाऊस पडला नाहीं म्हणून सारें घर काळजींत पडलें. असें करितां करितां दोन वर्षें गेलीं. शेवटीं गांठ फुटून लुगड्याला डाग पडूं लागले, तेव्हां घरांत कळलें. तिला मोठ्या शहरांत नेलें. तेथील डॉक्टरांनीं तपासून अगदीं सौम्य शब्दांत विचारिलें, "बाई, हें हाताला पहिल्यांदा कधीं लागलें?" तिनें खरें तें सांगितलें. डॉक्टर कांहीं वेळ कांहींच बोलले नाहींत. आम्ही शेजारींच उभे होतों. मावशी त्यानंतर आठ महिने जगली. तिला रोगानें नेलें हें खरें. परंतु त्या रोगाला दोन वर्षांची सवलत लाजेनें दिली होती.

हा रोग म्हणजे आहे तरी काय? आपलें शरीर अगणित सूक्ष्म पेशींचें बनलेलें आहे. जुन्या पेशी झिजतात, मरतात, आणि त्यांच्या जागीं नव्या उत्पन्न होतात. किती वाढावें आणि कोठें थांबावें याची आज्ञा प्रत्येक पेशीच्या आंत, तिच्या जनुकांत, लिहिलेली असते. तंबाखूंतील विषें, कांहीं विषाणु, मद्य, कांहीं प्रकारचे किरण, किंवा नुसतें वाढतें वय यांमुळें या लिखाणांत चुका शिरतात. बहुतेक चुका शरीर आपण होऊन दुरुस्त करितें. परंतु एकावर एक अशा अनेक चुका एकाच पेशींत सांठल्या म्हणजे ती आज्ञा जुमानीनाशी होते. ती वाढतच जाते, आपल्यासारख्या दुसऱ्या पेशी निर्माण करिते, शेजारच्या भागांत घुसते, आणि शेवटीं रक्तावाटे व रसवाहिन्यांवाटे दूरच्या अवयवांत जाऊन तेथें नवें ठाणें मांडते. ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांना हरळीचा दाखला चटकन् पटेल. बांधावर हरळीची एक काडी दिसली तर ती दोन बोटांनीं उपटतां येते. तीच शेतभर पसरली म्हणजे नांगर घालूनहि पुरती निघत नाहीं.

प्राचीन ग्रीक वैद्यांना अशा गांठींच्या भोंवतीं पसरलेल्या शिरा पाहून खेकड्याच्या नांग्यांची आठवण झाली, आणि त्यांनीं या रोगाला खेकड्याचें नांव दिलें. आपल्या शब्दांतील 'कर्क' म्हणजेहि खेकडाच. वस्तुतः हा एकच रोग नसून रोगांचें एक मोठें कुळ आहे, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. मात्र एक गोष्ट सर्वांना सारखीच लागू आहे. रोग्याला स्पर्श केल्यानें, त्याच्या ताटांत जेवल्यानें, किंवा त्याच्या उशाशीं बसल्यानें हा रोग जडत नाहीं. तरीहि रोग्याचें ताट वेगळें, तांब्या वेगळा आणि खोलीहि वेगळी, असा प्रकार आम्हीं सुशिक्षित घरांतहि पाहिला आहे. आधींच भ्यालेल्या माणसाला असें एकटें पाडणें यासारखी दुसरी निष्ठुरता नाहीं.

२०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणें भारतांत त्या एका वर्षांत सुमारें १४ लाख लोकांना नव्यानें कर्करोग झाला, आणि ९ लाखांहून अधिक लोक त्यानें मृत्यु पावले. आपल्या देशांतील पुरुषांत तोंडाचा कर्करोग फार आढळतो. स्त्रियांत स्तनाचा आणि त्याखालोखाल गर्भाशयाच्या मुखाचा. या तिन्ही जागा अशा आहेत कीं, त्या डोळ्यांनीं पाहतां येतात किंवा हातानें चांचपतां येतात. पोटाच्या खोल भागांत लपणाऱ्या रोगाला डॉक्टरांनीं उशिरा ओळखलें, तर त्यांचा इलाज नसतो. परंतु जो आपल्या तोंडांत, आरशासमोर, वाढत असतो तो उशिरा ओळखला जावा, याला काय म्हणावें?

रोगाला कारण असतें, आणि कारण सांपडलें तर रोग टाळतां येतो, हा शोध नवा नाहीं. लंडन येथील पर्सिव्हल पॉट नांवाच्या शस्त्रवैद्यानें १७७५ सालीं असें दाखविलें कीं, धुराडीं साफ करणाऱ्या मुलांना पुढें होणारा एक कर्करोग त्यांच्या अंगावर सांचणाऱ्या काजळीमुळें होतो. आपल्याकडची काजळी म्हणजे तंबाखू. आरोग्यशास्त्राच्या तासाला आम्ही दरवर्षीं मुलांना विचारतों, "तुमच्या घरीं तंबाखू कोणकोणत्या रूपानें येते?" प्रथम कोणी बोलत नाहीं. मग एक हात वर होतो, मग दुसरा, आणि पाहतां पाहतां फळा भरून जातो. विडी, सिगारेट, चुन्याबरोबर मळलेली तंबाखू, पानांतली तंबाखू, मावा, गुटखा आणि मिश्री! मुलें हंसतात. परंतु यादी पुरी झाल्यावर वर्ग आपोआप शांत होतो, कारण यादींतील प्रत्येक नांव कोणाच्या तरी बापाचें, आजोबांचें किंवा आजीचें असतें.

२०१६-१७ सालच्या राष्ट्रीय पाहणींत असें दिसून आलें कीं, महाराष्ट्रांतील प्रौढ माणसांपैकीं सुमारें चौथा हिस्सा लोक तंबाखू वापरतात, आणि त्यांपैकीं बहुतेक ती ओढीत नाहींत, तोंडांत ठेवतात. म्हणून आपल्याकडे हा रोग फुप्फुसांपेक्षां गालाच्या आंतल्या बाजूस अधिक शोधावा लागतो. नुसत्या सुपारीविषयींहि लोकांत मोठा गैरसमज आहे. तंबाखू न घातलेली सुपारीहि कर्करोगास कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं दिला. सुपारी फार चघळणाऱ्या मुलाच्या गालाची आंतली त्वचा हळूहळू ताठ होते आणि तोंड उघडेनासें होतें. आपलीं तीन बोटें उभीं धरून तीं तोंडांत जातात कीं नाहीं, हें प्रत्येकानें पाहावें. जात नसतील तर दंतवैद्याकडे जाण्यास एक दिवसहि लावूं नये.

यासंबंधीं कायदेहि आहेत. २००३ सालच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास, तसेंच शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तिचें दुकान मांडण्यास, मनाई केली. महाराष्ट्र शासनानें २०१२ च्या जुलैंत गुटख्यावर बंदी घातली. कायदा चांगला आहे; परंतु त्याचें पालन करणारा शिपाई प्रत्येकाच्या मनांतच उभा राहिला पाहिजे. पुड्यांचे रिकामे कागद रस्त्यावर दिसतात, तेव्हां तो शिपाई झोपला आहे असें समजावें.

एकदां या तासाला आठवीच्या एका मुलीनें विचारिलें, "सर, माझी आजी तरुणपणापासून मिश्री लावते. बंद केली तर तिचे दांत ठणकतात आणि डोकें धरतें. मग तिनें काय करावें?" प्रश्न फार चांगला होता. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटली कीं मिश्री होते. तिनें दांत स्वच्छ होतात अशी समजूत आहे, आणि पुष्कळ बायका ती दिवसांतून चार-पांच वेळां हिरडीला लावून बसतात. आम्हीं तिला सांगितलें, "बाळ, डोकें दुखतें तें संवयीमुळें. तंबाखूंतील निकोटिन वेळेवर मिळालें नाहीं म्हणजे शरीर तें मागतें. हा त्रास पहिल्या कांहीं दिवसांत फार असतो, मग ओसरतो. दांत ठणकतात तें मात्र दांताचें दुखणें असेल. मिश्रीनें तें बधिर होतें, बरें होत नाहीं. आजीला दंतवैद्याकडे ने. एकदम सुटत नसेल तर पांच वेळांच्या तीन कर, तीनाची एक कर. आणि दर महिन्याला तिला उन्हांत बसवून तिचें तोंड पाहा." मुलीनें तें मनावर घेतलें. आजीची मिश्री सुटली कीं नाहीं हें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु त्या घरीं दर महिन्याला आजीचें तोंड पाहिलें जातें, एवढें तिनें पुढील वर्षीं येऊन सांगितलें.

दुसरा एक प्रश्न याहून कठीण होता. तास संपल्यावर एक मुलगी मागें राहिली आणि खालीं पाहून म्हणाली, "सर, माझी आई विड्या वळते. त्या पैशांतून माझ्या वह्या येतात. मग आम्ही वाईट काम करतों का?" नगर शहरांत आणि संगमनेरांत विडीचा धंदा जुना आहे, कित्येक घरांतील बाया पहांटेपासून सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात, आणि त्यांच्या बोटांवर त्यांच्या मुलांचें शिक्षण चालतें. अशा मुलीला काय सांगावें? आम्हीं तिला म्हटलें, "तुझ्या आईचे कष्ट वाईट नाहींत. वाईट आहे तें तिच्या वांट्याला दुसरें काम आलें नाहीं हें. तूं शिकून तें काम तिच्याकरितां आण. तोंवर तंबाखूचें सूप खिडकीपाशीं ठेव, लहान भावाला त्या खोलींत निजवूं नकोस, आईला काम झाल्यावर हात धुवावयास सांग, आणि तिला तपासणीस घेऊन जा." हें उत्तर पुरें नाहीं, हें आम्ही जाणतों. एकाच वस्तूनें एका घरांत चूल पेटते आणि दुसऱ्या घरांत विझते. या कोड्याचें उत्तर एका शिक्षकाला देतां येण्याजोगें नाहीं, तें साऱ्या समाजानें द्यावयाचें आहे. परंतु त्या मुलीनें प्रश्न विचारण्याचें धैर्य केलें, याचें आम्हांस फार कौतुक वाटलें.

आतां तपासणीविषयीं. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें नगरच्या माणसाला निराळें शिकवावयास नको. दुष्काळानें तें आपणांस चांगलें शिकविलें आहे. कर्करोगाची तपासणी म्हणजे पाऊस असतांनाच खणलेली विहीर होय. ज्याला कांहीं होत नाहीं त्यानें, कांहीं होत नसतांनाच, स्वतःला तपासून घ्यावें, हें तिचें तत्त्व. भारत सरकारनें २०१६ सालीं जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यांत तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांची तोंडाची, आणि स्त्रियांची स्तनाची व गर्भाशयाच्या मुखाची तपासणी दर पांच वर्षांनीं करावी असें सांगितलें आहे.

तोंडाच्या तपासणीस चांगला उजेड आणि दोन डोळे पुरेत. ओंठ, गालांची आंतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि टाळू पाहावयाचे. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, तांबडा चट्टा, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम आढळल्यास ती ताबडतोब दाखवावी. केरळांत तिरुवनंतपुरम येथें आरोग्यसेवकांनीं घरोघर जाऊन अशी साधी तपासणी केली. तेव्हां तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्या लोकांत तोंडाच्या कर्करोगानें होणारे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें कमी झाले, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालें.

स्तनाच्या तपासणीस शिकलेल्या परिचारिकेचे हात पुरतात. गांठ, त्वचेला पडलेली खळी, बोंडाचें आंत ओढलें जाणें, किंवा त्यांतून येणारें रक्त, हीं तिचीं लक्षणें होत. प्रत्येक गांठ कर्करोगाची नसते. बहुतेक गांठी निरुपद्रवी असतात. परंतु ती कोणती, हें ठरविण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे, आपल्या लाजेचा नव्हे.

तिसरी तपासणी स्त्रियांना सर्वांत अवघड वाटते, आणि तीच सर्वांत उपकारक आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बहुधा एका विषाणूमुळें होतो. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउझेन यांस या शोधाबद्दल २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. विषाणु शरीरांत शिरल्यापासून कर्करोग होईपर्यंत सामान्यतः दहा-पंधरा वर्षें किंवा त्याहूनहि अधिक काळ जातो, म्हणजे सावध होण्यास भरपूर अवकाश मिळतो. परिचारिका त्या जागेला सौम्य केलेलें शिरक्याचें आम्ल लावते आणि सुमारें एक मिनिट थांबते. विकृत झालेला भाग पांढरा दिसूं लागतो. यंत्र नाहीं, टांका नाहीं, आणि खर्च फार थोडा! संशय आल्यास पुढील तपासणी होते, आणि रोग होण्यापूर्वींची विकृति असेल तर ती लहानशा उपचारानें काढून टाकतां येते.

या बाबतींत साऱ्या जगाला उपयोगी पडलेलें ज्ञान आपल्या अगदीं शेजारीं जन्मास आलें, हें मुलांनीं अभिमानानें लक्षांत ठेवावें. आपल्या जामखेडच्या आग्नेयेस बार्शी हें गांव आहे. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयानें १९८७ सालापासून बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यांत कोणाला कर्करोग झाला याची नोंद ठेवण्यास आरंभ केला. ग्रामीण भागासाठीं अशी नोंदवही भारतांत ही पहिलीच. नोंद ठेवणारे कार्यकर्ते गांवोगांव फिरत, रोगाचीं लक्षणें समजावून सांगत, आणि शंका असलेल्या माणसाला रुग्णालयांत येण्यास सांगत. कांहीं वर्षांतच असें आढळून आलें कीं, बायका रोगाच्या आधींच्या अवस्थेंत येऊं लागल्या आहेत. औषध तेंच होतें, डॉक्टर तेच होते. फक्त कोणीतरी दाराशीं येऊन रोगाचें नांव मोठ्यानें घेतलें होतें.

पुढें १९९९ सालीं मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचें रुग्णालय आणि जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनीं मिळून त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत एक मोठा प्रयोग हातीं घेतला. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यांत होत्या. गांवांचे चार गट केले. एका गटांतील स्त्रियांची विषाणूसाठीं तपासणी केली, दुसऱ्यांत पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या, तिसऱ्यांत शिरक्याच्या आम्लाची परीक्षा केली, आणि चौथ्यांत नेहमींची व्यवस्था चालूं ठेविली. आठ वर्षांनीं हिशेब झाला. विषाणूची तपासणी एकदांच झालेल्या सुमारें ३४ हजार स्त्रियांच्या गटांत या रोगानें ३४ मृत्यु झाले होते. चौथ्या गटांतील सुमारें ३१ हजार स्त्रियांत ६४ झाले होते. २००९ सालीं हा निकाल प्रसिद्ध झाला, आणि जगांतील आरोग्यखात्यांनीं त्याची दखल घेतली. ज्या स्त्रियांनीं हें ज्ञान दिलें, त्या ज्वारी काढणाऱ्या, मेंढरें राखणाऱ्या, आपल्यासारख्याच गांवांतल्या बायका होत्या. चौसष्ट हा आंकडा वाचतांना त्यांतील प्रत्येक कोणाची तरी आई होती, हें विसरूं नये.

शिरक्याच्या परीक्षेनें त्या प्रयोगांत मृत्यूंत मोठी घट दिसली नाहीं. परंतु मुंबईच्या झोंपडपट्ट्यांत तीच परीक्षा दर दोन वर्षांनीं पुनःपुन्हा केली, तेव्हां मृत्यु ३१ टक्क्यांनीं कमी झाले. यावरून उघड होतें कीं, साध्या साधनानेंहि काम होतें, पण तें नेमानें वापरावें लागतें. एकदां शिबिरांत जाऊन आल्यानें जन्माची निश्चिंती होत नाहीं.

ज्या मुलींचें वय अद्याप लहान आहे, त्यांना तर त्या विषाणूवर लसहि उपलब्ध आहे. ती २००६ सालापासून जगांत वापरांत आली. पुण्याच्या सीरम संस्थेनें तयार केलेली भारतीय लस २०२३ सालीं बाजारांत आली. नऊ ते चौदा या वयांत ती सर्वांत गुणकारी ठरते. भारतांतील ज्या अभ्यासानें लशीची एक मात्राहि चांगलें संरक्षण देते असें दाखविलें, त्यांत बार्शी आणि पुणें येथील मुलीहि होत्या; २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनेंहि मुलींसाठीं एक मात्रा चालेल असा अभिप्राय दिला. मात्र लस घेतलेल्या मुलीनेंहि मोठेपणीं तपासणी करून घ्यावयाची आहे.

हें सर्व ज्ञान असतांनाहि माणसें उशिरा कां येतात? भाडें, बुडणारी मजुरी आणि लाज, हीं तीन कारणें आम्हांस सर्वत्र दिसलीं. चौथें कारण म्हणजे खोट्या समजुती. "चाकू लावला कीं तो पसरतो," ही त्यांतील सर्वांत घातक. तपासणीसाठीं डॉक्टरांनीं तुकडा काढल्यामुळें रोग पसरतो, असें नाहीं. न काढल्यामुळें तो पसरावयास वेळ मिळतो. खर्चाची भीतिहि आतां पूर्वींइतकी खरी राहिलेली नाहीं. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेंत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. अर्थात् तपासणीनें सर्वच साधतें असें आम्ही म्हणत नाहीं. रक्ताच्या किंवा स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठीं अशी सोपी तपासणी आज नाहीं. कधीं कधीं तपासणींत उगाच संशय येतो आणि चार दिवस झोंप लागत नाहीं. परंतु चार रात्रींची झोंप आणि एक जन्म यांची तुलना ज्यानें त्यानें करावी.

लाजेवर उपाय काय, तो आपल्याच जिल्ह्यांत सांपडतो. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं जामखेड येथें आरोग्याचें काम सुरू केलें. त्यांनीं प्रत्येक गांवांतून गांवानेंच निवडलेली एक बाई घेतली. पुष्कळजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजांतल्या होत्या. त्यांना त्यांनीं शिकविलें, आणि आपल्या गांवाचें आरोग्य त्यांच्या हातीं दिलें. जें डॉक्टरांच्या तोंडून बायका ऐकत ना, तें शेजारणीच्या तोंडून त्या ऐकूं लागल्या. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. परंतु खरें पारितोषिक म्हणजे त्या बायांचें ताठ झालेलें मस्तक होय. लाजेचें कुलूप परक्या किल्लीनें उघडत नाहीं. तें घरच्याच माणसानें उघडावें लागतें.

विद्यार्थिमित्रहो, तें घरचें माणूस तुम्ही आहां. आजोबांना "तंबाखू वाईट," असें व्याख्यान देऊं नका; त्यांनीं तें तुमच्या जन्माआधीं ऐकलें आहे. त्यांच्यापाशीं बसा, उन्हांत त्यांचें तोंड पाहा, आणि चट्टा दिसला तर त्यांचा हात धरून दवाखान्यांत जा. तुम्हांला कोणी सुपारीची पुडी देऊं केली तर ती नको म्हणणारा पहिला मुलगा तुम्ही व्हा. दुसरा आपोआप मिळतो. मुलींनीं हा लेख आईला मोठ्यानें वाचून दाखवावा. कांहीं ठिकाणीं वाचतांना अडखळल्यासारखें होईल; तेथेंच थांबूं नये, तीच जागा महत्त्वाची आहे.

आणि पालकांस आमची नम्र विनंति अशी कीं, मुलीच्या शाळेची फी भरण्यास जसा तुम्ही एक दिवस काढतां, तसा घरांतील स्त्रियांच्या तपासणीसाठींहि वर्षांतून एक दिवस काढावा. गांवांतील आशाताईंस विचारल्यास जवळचें आरोग्य केंद्र आणि तपासणीचा वार त्या सांगतील. पुरुषांनीं "तूं जाऊन ये," असें म्हणूं नये. "चल, मी बरोबर येतों," असें म्हणावें. आमच्या मावशीला हे शब्द ऐकावयास मिळाले नाहींत. आपल्या घरांतील बाईला ते या महिन्यांतच ऐकूं यावेत, एवढ्याचसाठीं हा लेख लिहिला आहे.